शालूकाकीची तुर्की सवत

चहा घ्या, आणि हसायचं ते एकदाच हसून घ्या. अख्खं कुणकेश्वर हसून झालंय, फक्त तुम्ही राहिलायत. परत परत सांगून माझा घसा बसलाय हो!

मला जुने वॉकमन दुरुस्त करायचं वेड. रिटायर झालेल्या माणसाने कलमांना पाणी घालून गप्प बसावं, ते नाही! नुसती बटणं बघून मशीन कुठल्या काळातलं ते सांगतो, अशी माझी ख्याती. म्हणजे, मीच पसरवलेली.

तर एक दिवस शेजारची शालूकाकी आली, पदराखाली वॉकमन घेऊन. तिचे यजमान बाबीकाका जन्मभर बोटीवर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

“दिगू, ह्येच्यात कॅसेट अडाकली हा. ह्येंचो आवाज आसा तिच्यात. मराच्या आधी एकदा ऐकूचो आसा रे.”

आता सांगा, नाही कोण म्हणेल?

मी मशीन उलटसुलट केलं आणि छाती फुगवून म्हटलं, “धातूची बॉडी! काकी, हे तुझ्या लग्नाच्याही आधीचं!” काकी काहीतरी सांगू बघत होती, पण मी कुठला ऐकतोय! तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

घरी बसून मशीन उघडलं. खाऱ्या हवेने स्क्रू गंजलेले, रबरी पट्टा विरघळून डांबर झालेला. कॅसेट सोडवली, सगळे भाग काढून पुसले, नवा पट्टा घातला, परत जोडलं. कंबर मोडली. शेवटी त्याच कॅसेटवर बटण दाबलं आणि इयरफोन कानाला लावला.

आत एक पुरुष आणि एक बाई बोलत होती. पण भाषा कुठली? मालवणी नाही, हिंदी नाही, इंग्रजी तर नाहीच! आणि बाई मध्येच लाडात हसत होती.

बोटीवरचा माणूस, लग्नाआधीचं मशीन… बायकोला ऐकवलं, तर तिने धावत जाऊन आधी दार लावलं. “अगो बाय! आता काकीक काय सांगूचा?”

मग माझा मित्र पास्कू याला बोलावलं. तोही बोटीवर होता. डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, “बाई तुर्की आसा.”

“तुला तुर्की येते?”

“नाय. पण तुर्की बायो अशेच हसतत.”

काकीला सांगितलं, टेप कुजली, काही ऐकू येत नाही. बिचारी मान खाली घालून गेली. मला वाटलं, मिटलं! पण बायकोने फक्त बहिणीला सांगितलं, आणि पास्कूने फक्त मासळीबाजारात.

दुसऱ्या दिवशी काकी दारात. “दिगू, माझी सवत तुर्की आसा म्हणतत. खरा काय ता माका ऐकव.”

मी गयावया केली. तिने इयरफोन हिसकावून लावला आणि कपाळाला आठी घातली. “ही खंयची भाषा रे? दुसऱ्या मशीनीत घाल बघू.”

पास्कूच्या जुनाट गाडीत टेप होता. गाडी अंगणात आली, मागोमाग अर्धी वाडी आली. सवत ऐकायला! कॅसेट आत सरकवली.

आणि बाबीकाकांचा आवाज, खणखणीत मालवणीत! बाई कोण? शालूकाकीच, ऐन तरुणपणातली!

झालं होतं असं, की त्या वॉकमनमध्ये कॅसेट न काढता दोन्ही बाजू वाजत. दिशा बदलणारी पट्टी मीच चुकीची बसवलेली, त्यामुळे नवरा-बायकोचं बोलणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजत होतं. आणि मशीन काकांनी लग्नानंतर मुंबईहून नवंकोरं आणलेलं, आणल्या दिवशीच दोघांनी त्यात आवाज भरून बघितलेला. माझी ख्याती बुडाली ती तिथेच.

काकी गाडीच्या दाराला धरून उभी होती, डोळ्यांना पदर. मी हळूच मागच्या मागे सटकणार, तेवढ्यात टेपमधली काकी म्हणाली, “पण ह्या मशीन बिघाडला तर कोणाक दाखवूचा ओ?”

आणि बाबीकाका म्हणाले, “कोणाकय दाखव गो. त्या दिगूक मातर देवू नको!”