इंदूमावशींची संध्याकाळची गाडी

रोज सकाळी दूधवाला येऊन गेला की इंदूमावशी खाली उतरायच्या, रात्री गाडीखाली सरकवून ठेवलेला पुठ्ठा ओढून काढायच्या आणि चष्मा कपाळावर चढवून तो अगदी डोळ्यांजवळ धरायच्या. सिल्वासात, आमली भागातल्या आमच्या सोसायटीत मी तेव्हा नवीन होते. नवऱ्याला मसाटच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून नाशिक सोडून आलेली, बोलायला कुणी नसलेली. साडीवर पुरुषी शर्ट चढवलेली एक साठीची बाई पुठ्ठा उन्हात धरून उभी आहे, हे गॅलरीतून रोज दिसायचं. शेवटी एक दिवस राहवलं नाही, खाली गेले.

"मावशी, काय बघता हो?"

"हिची तब्येत पाहू राहिले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "काळा डाग असला तर ऑईल गळतंय. हिरवा असला तर रेडिएटर. आज काहीच नाही. आज बाईसाहेब खूश आहेत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू वरच्या मजल्यावरची ना? दिवसभर एकटीच असते. ये, चहा पिऊ."

त्यांची गाडी म्हणजे जुनी, लहानशी, एके काळी पांढरी असावी अशी. मागच्या दारावर नुसता राखाडी प्रायमर, सीटवर घरी शिवलेली फुलाफुलांची कव्हरं. वायपर एकच. सोसायटीतल्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत ती लग्नात चुकून आलेल्या दूरच्या नातेवाइकासारखी दिसायची. येणारा-जाणारा मावशींना सल्ला द्यायचा की आता विका हिला, हप्त्यावर नवी घ्या. मावशी म्हणायच्या, "चालशे." म्हणजे चालेल. हा शब्द त्यांनी अमळनेरहून इथं आल्यावर शेजारच्या गुजराती बायकांकडून उचलला होता आणि तो त्यांना सगळीकडे पुरायचा. भाजीत मीठ कमी पडलं, लाईट गेली, कुणी टोमणा मारला, तरी चालशे.

गाडी न विकण्याचं कारण मला पहिल्याच चहाच्या वेळी दिसलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलं होतं. अण्णा, मावशींचे यजमान. आयुष्यभर सूतगिरणीत फिटर म्हणून राबलेला, रुंद खांद्यांचा माणूस. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सांगायचं झालं तर त्यांच्याकडे एक "अं" होता आणि डावा हात होता. पाच वाजत आले की तो डावा हात चपलांकडे जायचा. मग मावशी त्यांना धरून खाली आणायच्या. त्या गाडीची सीट इतकी खाली की अण्णा पाठमोरे होऊन टेकले की बसलेच. डाव्या हातानं दाराची कड धरायची, मावशींनी पाय उचलून आत ठेवायचे, आणि निघायचं. सुरंगीच्या रस्त्यानं जायचं, सागाची झाडं दाट होतात तिथवर, आणि परत. रोज. महिन्याभरात मीही मागच्या सीटवर जाऊन बसायला लागले. मला नाशिकची आठवण त्या वेळीच सगळ्यात जास्त यायची आणि त्या गाडीत ती जरा सोसवायची.

पूर्वी गाडीचं सगळं अण्णाच करायचे. मावशी बाजूला उभ्या राहून पाने द्यायच्या आणि बॅटरी धरायच्या. "बावीस वर्षं नुसती बॅटरीच धरली मी," त्या सांगायच्या. "पण उजेड पाडणाऱ्यालाही दिसतंच ना थोडंफार." अण्णा आजारी पडल्यावर गॅरेजला प्रत्येक वेळी जाणं परवडेना, म्हणून रविवारी सकाळी अण्णांची खुर्ची कंपाउंडमध्ये आणायची, बॉनेट उघडायचं आणि त्यांच्यासमोर काम करायचं, असं सुरू झालं. मावशी चुकल्या की खुर्चीतून "अं" यायचा. त्या "अं"चे निरनिराळे अर्थ मावशींनाच कळायचे. "हा पाना नको म्हणतात", "आधी बॅटरीची वायर काढ म्हणतात." मला तर सगळे सारखेच ऐकू यायचे.

काटकसरीचेही त्यांचे नियम होते. एअर फिल्टर झटकून पुन्हा बसवायचा, सीट फाटली तर शिवायची, पावसाळ्यात पायाखालचे मॅट रोज काढून वाळवायचे म्हणजे पत्रा सडत नाही. पण ब्रेकला त्या हात लावत नसत. त्यासाठी जयेशभाईच. आमलीच्या कोपऱ्यावर त्यांचं गॅरेज होतं. "दिसायला कशीही असू दे," मावशी म्हणायच्या, "थांब म्हटलं की थांबली पाहिजे. माझा माणूस बसतो तिच्यात." ब्रेकचं सामान मात्र त्या नवं कोरं घ्यायच्या, घासाघीस न करता.

एका रविवारची गोष्ट. मावशींनी प्लग काढून घासले, परत बसवले आणि अण्णांना गाडीत बसवून किल्ली फिरवली. प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली होती. गाडी खोकली, फटाफट आवाज करत अशी हलायला लागली की अण्णांचं सगळं अंग थरथरत होतं, गाल हलत होते. मावशी घाबरून बंद करायला गेल्या, आणि अण्णा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, पण आवाज खणखणीत होता. मावशी स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग खाली उतरून त्यांनी वायरी नीट लावल्या, गाडी सुरळीत चालू झाली. अण्णा गप्प झाले. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, बॉनेट पुन्हा उघडलं आणि वायरी मुद्दाम उलट्या लावल्या.

"मावशी, इंजिन खराब होईल!" मी म्हणाले.

"एवढ्यानं काही होत नाही. अन् झालं तर करू ना नीट." आणि पुन्हा किल्ली फिरवली.

मी सिल्वासात आल्याला दोन उन्हाळे झाले असतील, तेव्हा सुरंगीच्या रस्त्यावर गाडीनं वाफ सोडली. ढकलत, ओढत कशीबशी गॅरेजला आणली. जयेशभाईंनी ऑईलची पट्टी काढून दाखवली. ऑईल दुधाळ चहासारखं झालं होतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं होतं. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला ते हेड म्हणतात, ते उष्णतेनं वाकलं होतं. नवं मिळत नव्हतं.

"मावशी, हवे बस करो, आता पुरे," जयेशभाई हळूच म्हणाले. "आ गाडी थाकी गई छे."

मावशी पहिल्यांदाच "चालशे" म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी पाच वाजता अण्णांचा हात चपलांकडे गेला. माझ्या नवऱ्यानं आमची उंच गाडी खाली काढून ठेवली होती. अण्णांना दोघांनी धरून उचलायचा प्रयत्न केला. पाय पायरीवर चढेना. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा त्यांनी डाव्या हातानं आम्हाला ढकललं आणि मान फिरवली. मावशींनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. पुढचे काही दिवस ते दाराजवळ चपला घालून बसायचे आणि जेवताना तोंड मिटून घ्यायचे.

"मी वापीला जाते," एका सकाळी मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या. "भंगारवाल्यांकडे बघते. येतेस?"

वापीच्या भंगाराच्या गल्ल्यांत आम्ही उन्हातान्हात दुकानं पालथी घातली. सगळीकडे नन्नाचा पाढा. एका दुकानात एक दाढीवाला म्हातारा तराजूशी बसला होता. मावशींनी त्याला गाडीचं सांगता सांगता अण्णांचंच सांगायला सुरुवात केली. चपलांचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं. त्यानं मधेच डब्यावर फडकं टाकून त्यांना बसायला सांगितलं आणि फोन लावायला घेतले. शेवटी गल्लीच्या टोकाला एक गाडी सापडली, त्याच बनावटीची, मागून ठोकलेली, तोडायला काढलेली. पुढचं सगळं शाबूत होतं. हेड गोणपाटात गुंडाळून आम्ही बसनं आणलं. मावशींनी ते सिल्वासापर्यंत मांडीवर घेतलं. कंडक्टरनं खाली ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही.

जयेशभाईंनी ते बसवलं. मावशी दिवसभर तिथंच होत्या, पाने देत. गाडी सुरू झाली तेव्हा जयेशभाईच "चालशे, मावशी, चालशे!" म्हणून ओरडले. संध्याकाळी अण्णा पाठमोरे होऊन टेकले, बसले, आणि आम्ही सागाच्या झाडांपर्यंत गेलो.

पुढच्या थंडीत अण्णा झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर बरेच दिवस गाडी जागची हलली नाही. मग एका संध्याकाळी मावशी एकट्याच तिला घेऊन गेल्या आणि लगेच परतल्या. मी खाली धावले. त्या स्टिअरिंगला धरून बसल्या होत्या.

"काय झालं? बिघडली का?"

"नाही व. कुठंच काही आवाज नाही. इतकी छान चालू राहिली." त्यांनी माझा हात धरला. "माझ्याकडून काही चुकलं तर आता कोण सांगणार मला?"

वर्षभरात त्यांनी ती सुरंगीच्या एका शाळामास्तरांना देऊन टाकली, भावाकडे अमळनेरला गेल्या. फोन यायचे. भाच्याकडे मोठी गाडी आहे, तो खूप करतो, असं सांगायच्या. "म्हणतो, आत्या, कुठं जायचं सांग, नेतो. मला सांगताच येत नाही गं. आम्ही कुठं जायचं म्हणून निघतच नव्हतो."

मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. त्या खूप वाळल्या होत्या, पण मला बघताच म्हणाल्या, "तू आली ना, मग निघू." भाच्यानं गाडी काढली. आम्ही दोघी मागे बसलो. "कुठं?" त्यानं विचारलं. मावशी म्हणाल्या, "सरळ."

गाव संपलं, केळीच्या बागा सुरू झाल्या. मावशी थोडा वेळ खिडकीतून पाहत होत्या, मग त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. दिवाळीच्या आत त्या जाणार आहेत, हे तेव्हा आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ऊन उतरलं तसा भाच्यानं वेग कमी केला. "आत्या, फिरू का आता परत?"

मावशी झोपल्या होत्या. मी त्याला म्हटलं, "नको रे. अजून थोडं पुढं जाऊ या."