नऊ सेकंद

आमगावात यादोराव शहारे यांनी एकतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला. पण पत्नी अंजनाबाईंसोबतचा त्यांचा, स्वतःच्या कॅमेऱ्यातला एकही फोटो घरात नव्हता. कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. स्वतःच्या लग्नातही नवरदेवानेच फोटो काढले आणि प्रत्येक फोटोत नवरीशेजारची खुर्ची रिकामी राहिली.

आज अकराच्या गाडीने अंजनाबाईंना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला न्यायचे होते. दहा वाजता त्या अंगणात खुर्ची टाकून बसल्या.

"आधी तुमचा आन माझा एक फोटो. मंगच उठतो."

"आई, मोबाइलमध्ये काढतो ना मी," मुलगी रीना म्हणाली.

"मोबाइलातले लय हायेत. मले यायच्या डब्ब्यातला पायजे."

"मंग बाबा, कॅमेरा द्या. मी दाबतो."

यादोरावांनी नकारार्थी मान हलवली.

"पाय व रीना, बायको दवाखान्यात चालली, पन नियम काही सुटत नाही!"

यादोरावांनी कपाटातून घडी करून मिटणारा जुना कॅमेरा काढला. आतल्या रोलवर एकाच चित्रापुरती जागा उरली होती. तसा रोल आता आमगावात मिळत नव्हता. मग निघाला चावीचा सेल्फ-टायमर, आगपेटीहून लहान. तो फोटोच्या कळीच्या भोकात फिरवून बसवायचा, चावी द्यायची. नऊ सेकंदांनी त्याची दांडी कळ दाबते. कॅमेऱ्याच्या तिपाईपासून अंजनाबाईंशेजारी टाकलेली दुसरी खुर्ची सात पावलांवर होती. यादोरावांचा गुडघा दुखरा होता.

त्यांनी चावी दिली आणि निघाले. मागे घरघर सुरू झाली. ते बसले. घरघर थांबली, पण 'खट्' झाले नाही.

"झाला का?" अंजनाबाईंनी ओठ न हलवता विचारले.

शेवटचे चित्र वाया गेले की काय? यादोराव उठून कॅमेऱ्याशी आले, तेव्हा उलगडा झाला. स्प्रिंग ढिली पडू नये म्हणून भिंगाजवळचा खटका ते कधीच आधी ओढून ठेवत नसत. माणसे सावरून बसली, की शेवटच्या क्षणी ओढत. आज सावरून बसणाऱ्यांत ते स्वतःच होते, आणि खटका तसाच राहिला होता; तो ओढल्याशिवाय कळ दाबली तरी फोटो निघत नाही. चित्र शाबूत होते.

"बाबा, साडेदहा झाले. रिक्षा उभा हाय!"

खटका ओढला. चावी दिली. पाचव्या पावलाला गुडघा लचकला. अंजनाबाई अर्धवट उठल्या, त्यांनी हात पुढे केला. यादोरावांनी तो धरला आणि धपकन खुर्चीत टेकले. उभ्या गावाला "इकडे पाहा" म्हणणारा माणूस कॅमेऱ्याकडे पाहायचे विसरला. तो पत्नीच्या धापेकडे पाहत होता.

खट्.

"आली असन का जी मी?" रिक्षात बसताना अंजनाबाईंनी विचारले.

रोल गुंडाळून यादोरावांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. ते म्हणाले, "धुतल्याबिगर कसा सांगू?"

"मंग धुवा."

"तू घरी आल्यावर. दोघं मिळून पाहू."

"मंग त मले वापस याच लागन," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या खिशावर हात ठेवून बसल्या.