अक्काच्या वाटणीचा तारा

पहिलंच सांगते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. या सदरातले किस्से मी चहाबरोबर हसायला वाचते. तेव्हा तुम्हीही खुशाल हसा. पण "बाईंना भास झाला असेल" असं कुणी लिहिलं, तर मी सोडणार नाही.

मी चोपड्याला शाळेत विज्ञान शिकवते. थंडीच्या दिवसांत दिवेलागणीनंतर मुलींना शाळेच्या गच्चीवरून तारे दाखवते. आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा व्याध, त्याच्या खालोखाल अगस्त्य — हे मला पुस्तकाने नाही, मोठ्या बहिणीने शिकवलं. लहानपणी आम्ही घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर बसून तारे वाटून घेतले होते. अक्काने सरळ व्याधावर बोट ठेवलं. "हाऊ मना! मी मोठी शे. तू दुसरा ली ले." मी रडून घर डोक्यावर घेतलं, पण मिळाला अगस्त्यच. लग्न होऊन ती पाचोऱ्याला गेली, तरी हिवाळ्यात एकमेकींचा तारा उगवला का, हे फोनवर विचारणं चालूच असायचं — "तुना उगना का वं?"

दोन वर्षांपूर्वीची फेब्रुवारी. आभाळ स्वच्छ, चंद्र नाही. मी मुलींना सांगत होते — मृगाच्या पोटातला बाण बघा, ते तीन तारे, त्यांची रेघ खाली वाढवा की आला व्याध. बोट तिथे नेलं... आणि तिथे काहीच नव्हतं. नुसतं काळं आभाळ. मुली मात्र ओरडल्या, "बाई, केवढा चमकतोय!"

चष्मा पुसला. एक डोळा झाकला, मग दुसरा. आजूबाजूचे बारीक तारेसुद्धा दिसत होते, खाली माझा अगस्त्यही होता. फक्त तोच नव्हता.

शकुन-अपशकुन मी मानत नाही. पण खोटं कशाला बोलू... अक्काला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला — नाहीच. दाजींना लावला; ते कामाला चाळीसगावला गेलेले. ते म्हणाले, "अंघोळीला गेली असेल. शिक्षिका ना तू? एवढी काय घाबरतेस?"

मग अक्काच्या शेजारच्या नानांना लावला. "नाना, अक्काचं दार वाजवा. उघडलं नाही तर तोडा."

नाना वाजवून आले. "उघडत नही. पन आसं कसं तोडू, बेटा? लोके काय म्हनतीन?"

"लोकांना मी बघून घेते! दार नवीन बसवून देते, पण आत्ता तोडा!" एवढ्या जोरात ओरडले की मुली घाबरून कोपऱ्यात गोळा झाल्या.

नानांनी दार तोडलं. मग बाथरूमची कडीही उखडली. आत गॅस गिझर चालू, खिडकी घट्ट बंद, आणि अक्का फरशीवर बेशुद्ध. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

अक्का वाचली. व्याध मात्र मला आजपर्यंत दिसलेला नाही.

जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं — डोळे ठणठणीत. मोबाइलवर फोटो काढला तर त्यात तो दिसतो! एकदा एका विमानाचा दिवा बरोब्बर त्या जागेवरून सरकत गेला, तोही दिसला. सासूबाई म्हणतात, ताऱ्याने अक्कावरचं स्वतःवर ओढवून घेतलं, आता शांत करून घे. मी साफ नाही म्हटलं. कशाची शांत? माझी बहीण जिवंत आहे, मला कुणाची समजूत घालायची नाही.

मागच्या हिवाळ्यात अक्का माहेरपणाला आली. गच्चीवर मी त्या काळ्या जागेकडे बोट केलं. "शे का तठे?"

"शे ना," म्हणाली. मग माझा हात धरून, "आते तू ली ले हाऊ."

"नको," म्हटलं. "तुझाच राहू दे."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि कुणी देऊही नका. मुलींना मी आजही व्याध दाखवते, न दिसणाऱ्या जागेकडे बेधडक बोट करून. अजून एकदाही चुकलेलं नाही. मग घरी येऊन पाचोऱ्याला फोन लावते. "अक्का, तुना उगना का वं?"

"उगना," ती म्हणते. तेवढं मला पुरतं.