आतोबांचं खरं वाक्य

मनात आलेलं ओठांच्या आत ठेवणं ज्याला जन्मात जमलं नाही असा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच होता आणि तो आमच्या आत्याच्या नशिबी आला. त्यात देवाची करणी अशी, की पोरांना 'होल्ड बॅक' म्हणजे स्वतःला आवरणं, ते वाक्यात कसं वापरायचं, हे शिकवण्याचं काम नेमकं त्याच माणसानं अंगावर घेतलं. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, वाडीतल्या घराच्या ओट्यावर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेत. आधी ते शाळेत होते. गुजरात वेगळं झाल्यावर नवे मुख्याध्यापक आले, त्यांनी पहिल्याच सभेत इंग्रजीतून भाषण केलं, आणि आतोबा उभे राहून म्हणाले, "साहेब, गुजरातीतच बोला. तुमच्या इंग्रजीपेक्षा ते मला जास्त समजतं." त्यानंतर लवकरच ओट्यावरचा वर्ग सुरू झाला.

वर्गाचा नियम एकच होता, वाक्य खरं हवं. व्याकरण सोळा आणे बरोबर असलं तरी घडलेलंच नसेल, तर आतोबा त्यावर काट मारत. एखाद्यानं लिहावं, 'आय हेल्ड बॅक माय टिअर्स', की ते विचारणार, "कधी? रडू कशाचं आलं होतं?" पोरगं डोकं खाजवी. "मग खोटं आहे. खोटं वाक्य चूक." आता ज्याच्या आयुष्यात आवरण्यासारखं काही घडलंच नाही त्यानं करावं काय? तर त्याला ते मांडवीच्या बाजारात पाठवत. फाफड्याच्या दुकानापुढे उभं राहायचं, कढईतून ताजा घाणा निघाला की डोळे भरून बघायचा, आणि काही न खाता परत येऊन वाक्य लिहायचं. अशाच एका पोराची आई, जशोदाबेन, पोराला उपाशी का ठेवलं म्हणून तावातावानं ओट्यावर आली. "मास्तर, मारा छोकराने भूख्यो केम राख्यो?" आतोबा शांतपणे म्हणाले, "बेन, आजे एनुं वाक्य साचुं पड्युं." म्हणजे आज त्याचं वाक्य खरं ठरलं. त्या बाईनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पोराला पोटभर जेवू घालून मगच वर्गाला पाठवलं, आणि त्याचं वाक्य पुन्हा चुकलं.

पोरंही बेरकी होती. ती उलट त्यांचंच वाक्य मागत, "सर, तमारुं वाक्य?" आतोबा डोळे मिटत, बराच वेळ आठवत आणि प्रामाणिकपणे सांगत, "माझ्याकडे नाही." कुठून असणार? जिभेला हाड असेल तर ना! घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या एका घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. गेलेला गृहस्थ भयंकर तापट. आतोबा त्याच्या बायकोला म्हणाले, "ते सुटले, आणि खरं सांगायचं तर वहिनी, तुम्हीही सुटलात." आत्यानं पदराआड तोंड लपवलं. मला वाटलं, आता आपल्याला इथून धक्के मारून काढतात. पण ती बाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली आणि आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडीना. असं होई म्हणूनच लोक त्यांना सहन करत असावेत.

आत्याला मात्र ते सहन होईना, कारण प्रश्न कुंदाच्या लग्नाचा होता. कुंदा त्यांची एकुलती एक. बापासारखीच फटकळ, तीन घरांपलीकडच्या बाईशी गॅलरीतून भांडणारी आणि संध्याकाळी तिच्याचकडे लोणचं मागायला जाणारी. पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलगा म्हणाला, वाचनाची आवड आहे. आतोबांनी चार प्रश्न विचारले आणि त्याच्या वडिलांना सांगितलं, "थापा मारतो, पण उंची बरी आहे." दुसऱ्या मंडळींना त्यांनी आपणहूनच कळवलं, की पोरगी रागीट आहे, माझ्यावर गेलीय. दोन्ही स्थळं गेली ती गेलीच. आत्या मला म्हणायची, "यांच्या जिभेपायी माझी पोर घरात बसेल रे." ती खरोखरच हाय खाल्ल्यासारखी झाली होती.

तिसरं स्थळ भरूचचं होतं, मुलगा बँकेत. त्या दिवशी आत्यानं आतोबांना कुंदाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि वर त्यांच्या तोंडात एक अख्खी सुपारी दिली. "मंडळी जाईपर्यंत ही फोडायची नाही." माहेरचा माणूस म्हणून मी आतोबांच्या शेजारीच बसलो होतो. आतोबा सुपारी या गालातून त्या गालात फिरवत होते, बाकी मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प. बोलणी छान चालली होती. मुलाबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती, नऊदहा वर्षांची. समोर लीला चिवडा आला, आपला बडोद्याचा, ओलसर, आंबटगोड. पोरीनं बशीकडे हात नेला. मुलानं नुसतं तिच्याकडे बघितलं. तोंडानं अवाक्षर नाही. पोरीनं हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती बसून राहिली.

हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझंही लक्ष गेलं नसतं, पण आतोबांचा गाल हलायचा थांबला होता. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. दारात आत्या हात जोडून उभी होती. आतोबांचं तोंड उघडलं. सुपारी दिसली. आणि तोंड मिटलं.

लग्न ठरलं. पेढे वाटले. आमचं सगळं गोत म्हणालं, मास्तर सुधारले.

दिवाळसणाला कुंदा जावयासह आली. पान वाढलं, आत्यानं दुसरी पुरणपोळी पुढे केली, आणि कुंदानं आधी नवऱ्याकडे बघितलं. नवरा जेवत होता, त्यानं मान वर केली नाही. "नको," कुंदा म्हणाली. आतोबा पानावरून उठले ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. आत्या आणि मी मागोमाग गेलो. "मला दिसलं होतं," ते म्हणाले. "त्या पोरीचा हात मला दिसला होता." आणि आत्या, जिनं जन्मभर त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं, ती त्यांची बाही धरून म्हणाली, "मग बोलला का नाहीत हो?"

त्यानंतर एकदा ओट्यावर कुणीतरी पुन्हा विचारलं, "सर, तमारुं वाक्य?" या वेळी आतोबांनी डोळे मिटले नाहीत. "आय हेल्ड बॅक," ते म्हणाले. त्यांच्याच तालमीत तयार झालेलं पोर, नियमाप्रमाणे त्यानं कधी ते विचारलं, "क्यारे, सर?" आतोबांनी त्या दिवशीचा वर्ग लवकर सोडला.

अजूनही ते मधूनमधून मांडवीतून चिवडा बांधून घेतात आणि गाडीनं भरूचला जातात. एकदा मी बरोबर होतो. जावई बँकेत गेला होता. कुंदानं आम्हाला बशा दिल्या, स्वतःची घेतली, आणि चिवड्याला हात लावायच्या आधी दाराकडे बघितलं. "तो घरात नाहीये गं, कुंदे," आतोबा म्हणाले. ती ओशाळली, मग मूठभर चिवडा तोंडात टाकून थोडी हसली. थोडीच, पण पूर्वीसारखी.

परतीच्या गाडीत बडोद्यापर्यंत आतोबा एक शब्द बोलले नाहीत. समोरचा एक गृहस्थ आपल्या इंग्रजी शिकलेल्या मुलाबद्दल चांगल्या मोठ्या थापा मारत होता. मी आतोबांकडे बघत होतो. आता बोलतील, मग बोलतील. मला ते फार हवं होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.