ढगात चरायला गेलेलं कोकरू

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये कुणी मला अक्कल शिकवायला नको. अंगात येणं, झपाटणं, नजर लागणं — असल्या गोष्टींना मी कधी भीक घातलेली नाही. दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर मी ती मिरची सरळ भाजीत टाकते. फवारणीच्या ड्रोनचं लायसन असलेली आमच्या गावातली मी एकटी बाई, आणि मशीन बिघडलं की ते का बिघडलं हे कळेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. तरी हे लिहितेय... कारण वर्ष होत आलं आणि उत्तर काही सापडत नाही.

गाव धारूरच्या बाजूला, बालाघाटाच्या अगदी कडेवर. नाव लिहीत नाही, शाळेला उगीच त्रास नको. गेल्या हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नाटक पोरांकडूनच रचून घेतलं — खाली गवत संपतं म्हणून एक कोकरू ढगात चरायला जातं आणि त्याला राखणारी पोरगी त्याला शोधत फिरते. पोरांचा हट्ट एकच, कोकरू खरंखुरं उडायला पाहिजे. झालं, मला बोलावणं आलं.

फवारणीचा ड्रोन म्हणजे धूड, तो पोरांजवळ नेणं शक्यच नव्हतं. पण लग्नांचं शूटिंग करणाऱ्या प्रवीणकडे दोन छोटे ड्रोन होते. एकाखाली कापसाचा ढग टांगला, तो प्रवीण उडवणार. दुसऱ्याखाली कोकरू, ते माझ्याकडे. बांबूच्या कामट्या, वर मच्छरदाणीचं कापड, त्यावर कापूस आणि खाली लोंबणारे चार पाय. त्या पायांमुळे ड्रोनचे सेन्सर सारखे गोंधळायचे, म्हणून प्रवीणने ते बंदच करून टाकले. हे लक्षात ठेवा.

मोठ्या बाईंची अट एकच होती. मंच आणि पोरं यांच्यामध्ये दोरी बांधायची, आणि पंखे फिरणारी वस्तू दोरीच्या पलीकडे जाता कामा नये. "मंगल, लेकरांचे डोळे, बोटं... तू जबाबदारी घेतेस का?" मी म्हटलं, "घेते." शब्द दिला मी त्यांना.

आता आमचे मामा — माझे सासरे. सगळा जन्म मेंढरांमागे गेला. गुडघे गेले तशी मेंढरं पुतण्याच्या हवाली केली, आणि तेव्हापासून ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढतात. माझ्या ड्रोनवर तर त्यांचा जुना राग. पहिल्या फवारणीला त्याच्या आवाजाने त्यांची मेंढरं उधळली होती, आणि मग आठ दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नव्हता! तरी तालमीला काठी टेकत आले. कोकरू बघून म्हणाले, "हे कोकरू हाय का ससा? कान खाली पायजेत." कान बदलले. मग दुसरं काढलं — "असं सरळ कुठं चालतंय कोकरू? मधीच टुणकन उडी मारतंय ते." मी अंगठ्याने तशी उडी बसवली. "आता बरं हाय," म्हणाले. आमच्या मामांच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे शाल-श्रीफळच समजा.

कार्यक्रम संध्याकाळी होता. सूर्य नुकताच बुडालेला, उजेड पुरेसा होता. मैदानाच्या पूर्वेला मंच, पश्चिमेला फाटक. मध्ये ताडपत्रीवर पोरं, पहिलीतली सगळ्यात पुढे, आणि त्यांच्या मागे अख्खं गाव. मी मंचाच्या कडेला रिमोट घेऊन उभी. तिसऱ्या प्रवेशात कोकरू ढगाकडे निघालं, पोरांनी माना वर केल्या... आणि माझ्या हातातली स्क्रीन गोठली. वर लाल अक्षरं आली — संपर्क तुटला.

संपर्क तुटल्यावर या ड्रोनने काय करायचं ते ठरलेलं असतं. थोडा थांबतो, सरळ वर चढतो आणि जिथून उडाला तिथे परत येतो. तो उडाला होता मंचामागून. पण तो वर चढलाच नाही. दोरी ओलांडून थेट पहिलीच्या पोरांवर आला आणि तिथेच घुटमळायला लागला — दोन हात इकडे, दोन हात तिकडे. पोरांना वाटलं नाटकच आहे. ती उभी राहिली, उड्या मारमारून त्याचे लोंबणारे पाय धरायला लागली. कुणी एक पाय जरी ओढला असता तर ते पंखे सरळ तोंडावर...

मी दोन्ही अंगठे दुखेपर्यंत दाबत होते. "बसा! बसा रे खाली!" — माझं ओरडणं स्पीकरच्या गाण्यात बुडून गेलं. मोठ्या बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीकडून हाळी आली. जीभ टाळूला लावून आधी 'ट्रर्रर्र...' आणि मग लांबवर ओढलेलं 'हेऽऽऽ'. मामा उभे राहिले होते.

आणि कोकरू वळलं. तोंड मामांकडे केलं, पोरांच्या हातांच्या वर उठलं, मध्येच टुणकन उडी मारली आणि माणसांमधल्या वाटेने त्यांच्याकडे निघालं. माझे अंगठे तेव्हा रिमोटवर नव्हतेही, मी तोंडावर हात धरला होता. मामा हाळी देत मागे मागे सरकत फाटकाबाहेर गेले, ते त्यांच्यापाठोपाठ. बाहेर मोकळ्या माळावर मामा कसेबसे खाली बसले आणि त्यांनी जमिनीवर थाप मारली. ते उतरलं. पंखे थांबले. आत टाळ्यांचा कडकडाट झाला, गावाला अजूनही तो नाटकाचाच भाग वाटतो.

मी धावत पोचले तेव्हा मामा कापसावर हात ठेवून बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "लई भेदरलं होतं." मला तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी प्रवीणने ड्रोनमधली नोंद काढली. संपर्क तुटल्यापासून उतरेपर्यंत रिमोटची एकही आज्ञा पोचलेली नव्हती. नकाशावर रेघ मात्र स्वच्छ — दोरीवरून, पोरांवरून, वाटेने, फाटकाबाहेर. वाऱ्याने नेलं म्हणावं तर वारा फाटकाकडूनच येत होता. सेन्सर तर बंदच होते. "वहिनी, ह्याला माइकच न्हाई," प्रवीण पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ऐकलं कशानं ह्यानं?" दुरुस्तीवाल्याने पार खोलून पाहिलं. फॉल्ट नाही म्हणाला.

मग मी हट्टाला पेटले. मोकळ्या रानात तेच कोकरू तसंच टांगून उडवलं आणि मुद्दाम रिमोट बंद केला. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा ड्रोन शहाण्यासारखा वर चढला आणि परत आला. मामांनी घसा बसेपर्यंत हाळी दिली, पण तो ढिम्म. प्रवीण व्हिडिओ काढायला सज्ज होता, त्याचं तोंड एवढंसं झालं.

मी वैतागून विचारलं, "मामा, मग त्या दिशी कावून आलं ते?"

"त्या दिशी भ्यालं होतं. भ्यालेल्याला हाकत नसत्यात, बोलवत असत्यात. तू हाकत होतीस."

"आन आज?"

मामांनी रिकाम्या रानावर नजर फिरवली. "आज कशाला भिईल? खाली लेकरं कुठं हायत?"

मी रिमोट पिशवीत टाकला आणि घरी आले.

नंतर लिंबागणेशकडच्या एका शाळेने नाटकासाठी बोलावलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "जाऊ या की, मंगल." त्यांचा माझ्यावर अजून विश्वास आहे, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. मी नाही म्हटलं. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. भाकरी थापता थापता हात थांबतो, फवारणी करताना एका पट्ट्यावर दोनदा जाते. ती हाळी मामांकडून शिकायलाही लागले आहे. ते म्हणतात, आवाज जमला, पण अजून हुकूम सोडल्यासारखी देतीस.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, नीट चाचणी का घेत नाही? चाचणी कशी घ्यायची ते मला चांगलं माहीत आहे हो. खाली पहिलीतली पोरं बसवायची, वर कोकरू सोडायचं आणि संपर्क तोडायचा. उत्तर मिळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही... आणि तेवढा एक मी कधीच करून बघणार नाही.