सर्पदंशाची खाट

दानधर्माच्या कचेरीत कारकून फार काळ टिकला की त्याच्याकडे पगारापेक्षा किस्से जास्त साठतात. एकोणीसशे तीसनंतरची माझी वर्षं नाशकात, गोदाकाठच्या एका धर्मादाय दवाखान्यात गेली. तेव्हा दानाची नवी फॅशन आली होती: दान लहान, अट मोठी.

एका व्यापाऱ्याने रोग्यांसाठी बाक दिला. पाठीला संगमरवरी पाटी. तीत स्वतःचं नाव, वडिलांचं, आजोबांचं, सगळं उठावाच्या अक्षरांत. टेकून बसणाऱ्याच्या उघड्या पाठीवर ती वंशावळ उमटायची. डॉक्टर म्हणायचे, "याला तपासू काय? आधी वाचून घेतो."

*

ट्रस्टींमध्ये एक वकील होते. औषध जातं कुठे याचा पुरावा हवा, म्हणून त्यांनी नियम केला: रिकामी बाटली दाखवल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. सिन्नरकडचा एक म्हातारा दुसऱ्याच दिवशी रिकामी बाटली घेऊन हजर.

"आठ दिवसांचं औषध एका रात्रीत प्यालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्यालो कुठं? रिकामी लागती म्हनले, म्हून वाटंत वतली."

वकिलांनी शेरा मारला: नियमाचे पालन झाले आहे.

*

आणि आमचे शेठजी. निफाडच्या मळ्यात त्यांचा तरणा मुलगा साप चावून गेला. त्याच्या नावाने त्यांनी दवाखान्याला एक खाट दिली. अट एवढीच, तिच्यावर सर्पदंशाचाच रोगी झोपेल. अट मोडली तर खाट परत.

ही धरून आमच्या खाटा एकूण चार. ऐन माघात, साप बिळाबाहेर डोकावत नाहीत अशा थंडीत, बाकीच्या तीन भरलेल्या असताना एक अडलेली बाळंतीण बैलगाडीतून आली. डॉक्टरांनी तिला चौथ्या खाटेवर घेतलं आणि मला म्हणाले, "लिहा, सर्पदंश." मी लिहिलं. त्या महिन्यातली ही तिसरी वेळ.

सकाळी शेठजी न कळवता तपासणीला आले. बाई सुटली होती, पण अंगात रक्त उरलं नव्हतं. "हिला जमिनीवर उतरवलं तर हातची जाईल," डॉक्टर माझ्या कानाशी पुटपुटले.

शेठजी खाटेपाशी थांबले. बाईच्या कुशीत बाळ. त्यांनी रजिस्टर मागवलं, चष्मा लावला.

"माघात तीन सर्पदंश, भाऊसाहेब?"

"हो," मी म्हणालो.

"लय इखारी व्हता, शेठ," बाईची सासू पायथ्याकडून म्हणाली.

शेठजींनी रजिस्टरवरून नजर काढून बाळाकडे बघितलं. मग चष्म्याची घडी घालत म्हणाले, "थंडीत एवढे साप, तर पावसाळ्यात काय होईल? आणखी दोन खाटा पाठवतो."