मावशींचं आमेन

मुलुंडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरोघरी वाटायच्या धर्मपत्रिका मीच लिहायचो. देव दुःख का देतो, यावर माझ्याकडे सात उत्तरं होती आणि कुणी शंका काढली की मी पेटून भांडायचो.

शेजारच्या मावशींची मुलगी तापाने गेली, तेव्हा त्यांच्या घरच्या प्रार्थनासभेत मी त्याच सात उत्तरांची पत्रिका वाचली. आमच्याकडे घरच्या बाईने आमेन म्हटल्याशिवाय सभा संपत नाही. माझं वाचून झालं, पण मावशींनी आमेन म्हटलं नाही. छोट्या खोलीत दारापर्यंत माणसं बसलेली. मला बाहेर पडायला वाट नव्हती.

"यातलं माझ्या पोरीचं उत्तर कुठलं रे?" मावशींनी विचारलं. "बोट ठेवून दाखव."

सगळी माझीच वाक्यं, पण एकावरही बोट टेकेना. सभा चालवणाऱ्या पाळकांनी खुणावलं, दुसरं काहीतरी सांग. तेवढ्याने सुटलो असतो.

"मला माहीत नाही, मावशी. न कळताच लिहिलं मी."

"मग तसं देवाला सांग. मोठ्याने."

मी डोळे मिटून सांगितलं. मावशी तरीही आमेन म्हणाल्या नाहीत. लोक एकेक करून उठून गेले. सभा संपली नव्हती, म्हणून मी तिथेच बसून राहिलो.